नववा फर्मा

पाचवीची मुलं त्यांना फर्माबाई म्हणत. तोंडावर नाही, पण बाई व्हरांड्यातून येताना दिसल्या की "आली, फर्माबाई आली" अशी कुजबुज व्हायची आणि बाकांवर बसायची घाई उडायची. बाईंना ते ठाऊक होतं. आवडतही असावं, कारण दाराशी आल्यावर त्या मुद्दाम चार पावलं हळू टाकत.

फर्मा म्हणजे एका मोठ्या छापील कागदाची घडी. घडी घालून कडा कापल्या की सोळा पृष्ठांची एक चोपडी होते. अशा दहाबारा चोपड्या एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवल्या की पुस्तक. वाचणाऱ्याला हे माहीत असण्याचं काही कारण नाही. बाईंना माहीत होतं, कारण त्यांचे वडील बाइंडर होते.

घर वर होतं आणि काम खालच्या खोलीत. खालच्या खोलीला एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीवर. तिच्यातून माणसं दिसत नसत, नुसते पाय जाताना दिसत. पायांवरून वरचा माणूस ओळखायचा, हा दोघी बहिणींचा खेळ होता. खोलीत खळीचा आंबूस वास, कोपऱ्यात शिकंजा. दोन जाड फळ्या आणि त्यांना आवळणारा लोखंडी स्क्रू. शाळांच्या वाचनालयांतली खिळखिळी झालेली पुस्तकं पोत्यांतून यायची. वडील ती उसवायचे. जुनी खळ खरवडून फर्मे ओळीने लावण्याचं काम मुलींचं. पुढचे निम्मे धाकटीकडे, म्हणजे बाईंकडे, मागचे निम्मे ताईकडे.

"ताई, तुझ्याकडे तो खलाशी आहे का गं?"

"कुठला? एक डोळा नसलेला?"

"माझ्याकडे त्याला दोन्ही आहेत."

"मग तुझ्याकडेच कुठेतरी जाणार त्याचा डोळा. नीट बघ."

शिकंज्याजवळून वडिलांचा आवाज यायचा, "वाचायचं नाही. लावायचं."

पण लावायचं म्हणजे आकडा बघायचा, आणि आकडा बघताना डोळा वरच्या ओळीवर घसरायचाच. धाकटी अशी तुकड्यातुकड्यांनी वाचायला शिकली. लग्न कळलं की भांडण कळायचं नाही. भांडण कळलं तर ते कोणाचं, हे दुसऱ्या दिवशी. आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक शिवून गेलेलं असायचं. पुढे ताई शिवणाच्या वर्गाला जाऊ लागली आणि सगळे फर्मे धाकटीच्याच वाट्याला आले. मग एका वर्षी शाळांची कामं बंद झाली. वडील हिशेबाच्या वह्या बांधू लागले. वह्यांमध्ये वाचण्यासारखं काही नसतं. मुलगी मोठी झाली, शिक्षिका झाली, आणि वडील गेल्यावर शिकंजा तिने आपल्या खोलीत आणून ठेवला. नवऱ्याने विचारलं, "याचं काय करणार?" ती म्हणाली, "असू दे." त्याच्यावर तिने कुंडी ठेवली.

शाळेतला वाचनाचा तास आठवड्यातून तीनदा, पाऊण तासाचा. वर्गात बत्तीस मुलं. कपाटात दोनशे दहा पुस्तकं. किल्ली मोठ्या सरांकडून, म्हणजे मुख्याध्यापकांकडून, मागून आणायची आणि तास संपला की परत द्यायची. मुलं पुस्तक उभं धरत आणि त्याच्या आडोशाला झोपत. एखादा शेवटचं पान वाचून मिटून टाकी. आळीपाळीने मोठ्याने वाचायला लावलं तर अडखळणाऱ्याला बाकीचे हसत, आणि तो पुढच्या वेळी पोट दुखतंय म्हणून घरी राही.

बाईंनी बरंच करून पाहिलं. बाकाखाली बसून वाचायचं, हा खेळ आठवडाभर चालला. मग दोघं खरोखर झोपले आणि तिसऱ्याच्या डोक्याला बाकाचा कोपरा लागून टेंगूळ आलं. मग भिंतीवर तारे. एक पुस्तक वाचलं की एक सोनेरी तारा. पहिल्याच दिवशी वकिलाने नऊ तारे मागितले. वकील हे वर्गातल्या एका मुलाचं नाव पडलं होतं, कारण तो श्वास घेतानाही मुद्दा मांडायचा.

"नऊ पुस्तकं? एका दिवसात?"

"पातळ होती, बाई."

"बरं. पहिल्यात काय होतं?"

"चित्रं."

"दुसऱ्यात?"

"तीच चित्रं. पण रंग वेगळे."

बाईंनी तारे काढून टाकले. काढताना भिंतीचा रंगही निघाला, आणि तिथे पांढरे तारे राहिले ते राहिलेच.

त्यानंतर कधीतरी एक जाडसर कादंबरी कपाटातून काढताना बाईंच्या हातातच सुटली. दोरा कुजला होता. बारा फर्मे, एकशे ब्याण्णव पृष्ठं. डोंगरापलीकडच्या गावांना टपाल पोचवणारा एक पोस्टमन आणि त्याची करडी घोडी, इतकंच मुखपृष्ठावरून कळत होतं. बाई ते फर्मे गोळा करत खाली बसल्या. त्यांनी ते मांडीवर ठोकून सारखे केले आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. समोर बत्तीस मुलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पृष्ठांच्या आकड्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि फर्मे वाटले. दोनदोन, तीनतीन मुलांत एक. नियम तीन. आपला फर्मा दुसऱ्याला दाखवायचा नाही. कोणी काहीही विचारलं तर सांगायचं. सांगताना खोटं बोलायचं नाही. दोन आठवड्यांनी सगळ्यांनी भिंतीला लागून उभं राहायचं, पण गोष्टीच्या क्रमाने. आपण कितवे हे विचारून विचारून शोधायचं.

"बाई, तुम्हाला तर माहितीच असणार," वकील म्हणाला.

"मी वाचलेलं नाही. वाचणारही नाही. मलाही तुम्हीच सांगायचं."

पहिल्या आठवड्यात वर्गात इतका गोंगाट झाला की शेजारच्या वर्गाचे सर दोनदा डोकावून गेले. मधल्या सुट्टीत नळापाशी, जिन्यावर, घरी जाताना एकच चौकशी. तुमच्याकडे घोडी लंगडते का? आमच्याकडे नाही. आमच्याकडे पोस्टमनला दाढी आहे. मग आम्ही नंतरचे! नाही तर आधीचे, त्याने मध्ये काढली असेल. जो मुलगा वाचायला उभा राहिला की पोट धरायचा, त्याच्या वाट्याला लांडग्यांचा फर्मा आला होता. लोक त्याच्याकडे येऊन विचारू लागल्यावर त्याने तो सतरा वेळा वाचला. आपल्याला माहीत असलेली गोष्ट वर्गात कोणालाच माहीत नाही, ही चव त्याने पहिल्यांदा घेतली होती.

मोठ्या सरांना ते व्हरांड्यातच कळलं. एक मुलगी हातात सुटी पानं घेऊन पळत होती.

"बाई, पुस्तक फाडलंत?"

"उसवलंय, सर. फाडलं नाही."

"फरक काय?"

"उसवलेलं शिवता येतं."

मोठे सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्या खिशाला दोन पेनं आणि कपाळावर कायम एक यादी असे. "महिनाअखेर कपाटाची तपासणी आहे. वर कळवावं लागतं मला. शनिवारी हे पुस्तक शिवून, पूर्ण, माझ्या टेबलावर पाहिजे. एक पान कमी असलं तर किल्ली माझ्याकडे राहील आणि वाचनाचे तिन्ही तास गणिताला जातील. गणिताच्या बाई कधीच्या मागतायत."

"मिळेल सर," बाई म्हणाल्या. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी शिकंज्यावरची कुंडी खाली काढली.

नववा फर्मा मुंगीकडे होता. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. कायम भिंतीच्या कडेकडेने चालायची म्हणून ते नाव. तिची जोडीदारीण ताप येऊन घरी पडली होती. त्यामुळे नवव्यात काय आहे हे साऱ्या वर्गात एकट्या मुंगीला माहीत होतं. आणि सगळं अडलं होतं ते तिथेच. आठव्यात घोडी झुलत्या पुलावर पाय ठेवते. दहाव्यात पोस्टमन पायी चालतोय, आणि घोडीचं खोगीर त्याच्या स्वतःच्या खांद्यावर आहे.

गुरुवारी रांग लागली. चुकत, ढकलत, भांडत अखेर ती बरोबर लागली. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत सगळे भिंतीला पाठ लावून उभे. मुंगी आपल्या जागी होती, पण तिचे हात रिकामे होते.

"फर्मा कुठाय?" बाईंनी विचारलं.

"हरवला."

वर्ग हळहळला. वकील दहाव्यात होता, मुंगीच्या अगदी शेजारी. "हरवला तर हरवला. वाचला होतास ना? घोडी मेली का?"

"नाही."

"मग त्याच्या खांद्यावर खोगीर कसं आलं?"

"तिला उकडत होतं. म्हणून त्याने काढलं."

"आमच्याकडे बर्फ पडतंय!"

"चढ होता. चढावर उकडतं."

"बरं. मग ती आहे कुठे?"

"मागून येतेय."

टोकाच्या बाराव्या फर्म्यातून एक मुलगी वाकून म्हणाली, "अगं, आमच्याकडे गोष्ट संपली. ती आलीच नाही."

"अजून येतेय," मुंगी म्हणाली आणि खाली बघू लागली.

कोणी हसलं नाही. बाईंनी घंटेआधीच तास सोडला.

शुक्रवारी त्यांनी मुंगीला एकटीला विचारलं. घरी शोधलंस? शोधलं. दप्तरात? नाही. रस्त्यात पडला असेल? असेल. दप्तर तिने पोटाशी दोन्ही हातांनी धरलं होतं. ते उघडायला एक शब्द पुरला असता. बाईंनी तो उच्चारला नाही. का, ते त्यांनी त्या दिवशी स्वतःलाही सांगितलं नसतं. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या शनिवार आहे. सापडला तर आण."

शनिवारी त्यांनी आकड्यांवरच्या पट्ट्या सोलून अकरा फर्मे टेबलावर ठेवले. मोठ्या सरांनी बोट ओलं करून पानं मोजली. एकशे अठ्ठावीसवरून एकदम एकशे पंचेचाळीस. त्यांनी पुन्हा मोजली.

"कुणी हरवला?"

"कुणी नाही सर. वाटताना मोजायला मी चुकले."

"तुम्ही? अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली तुमची."

"चुकले."

सरांनी फर्मे सारखे करून बाईंकडे सरकवले. हे असं व्हायला त्यांना नको होतं, हे दिसत होतं. "सोमवारी शाळा सुटेपर्यंत बघा. नाहीतर मला ते तास द्यावे लागतील." त्यांनी हात पुढे केला. बाईंनी किल्ली त्या हातावर ठेवली.

बाहेर दाराच्या कडेला भिंतीला चिकटून मुंगी उभी होती. बाई वर्गात आल्या तशी ती मागोमाग आली. शाळा सुटली होती, कोपऱ्यात जादा खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या.

"बाई, तुम्ही खोटं का बोललात? नियम तुमचाच आहे."

बाईंनी दोन खुर्च्या खाली घेतल्या. एकीवर त्या बसल्या, दुसरीवर मुंगी बसली नाही.

"मी तुझ्याएवढी होते तेव्हाची गोष्ट आहे," बाई म्हणाल्या. "तीन भाऊ बोटीतून निघालेत. वादळ. पाणी संपलंय. मधला तापाने फणफणलाय. आणि शेवटचा फर्मा हातात येतो तोच आईने जेवायला हाक मारली. बाबा दुपारी शिवायला बसणार होते. मी तो फर्मा फ्रॉकमध्ये लपवून वर नेला. म्हटलं, वाचून लगेच ठेवते. जेवून उठले आणि खाली गेले, तर पुस्तक शिवून, कापून, शिकंज्यात. संध्याकाळी ते गेलंसुद्धा."

"मग?"

"मग महिन्याने त्या शाळेचे हेडमास्तर आले. पुस्तक बाबांपुढे टाकलं. म्हणाले, शेवट कुठाय? बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, मोजायला मी चुकलो. तीस वर्षं फर्मे मोजणारा माणूस. त्यानंतर शाळांची कामं आमच्याकडे आली नाहीत."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

मुंगी आता खुर्चीवर बसली. "त्यांना कळलं होतं का?"

"मला वाटायचं, नाही कळलं. पण त्यानंतर ते मला 'वाचायचं नाही, लावायचं' असं कधी म्हणाले नाहीत. कुणाकडून चुकून एखादं गोष्टीचं पुस्तक आलंच, तर फर्मे लावून झाल्यावर सुई बाजूला ठेवायचे. म्हणायचे, उद्या शिवू. आज राहू दे." बाईंनी फर्म्यांच्या गठ्ठ्यावरून हात फिरवला. "मी चाळिशीला आले तेव्हा मला याचा अर्थ लागला. तोवर बाबा गेले होते."

बाहेर कोणीतरी नळ उघडा टाकून गेलं होतं. त्याचं पाणी बादलीत पडून, भरून, वाहत होतं.

"तुमच्या फर्म्यात काय होतं?" मुंगीने विचारलं.

"बोट किनाऱ्याला लागते. तिघंही उतरतात. मधला वाळूवर आडवा पडतो आणि हसतो."

"आणि बाकीचं पुस्तक?"

"असेल कुठल्यातरी शाळेच्या कपाटात."

मुंगी विचार करत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली, गणितात हातचा चुकल्यावर पडते तशी. "म्हणजे तिथल्या मुलांना… त्यांची बोट अजून लागलीच नाही?"

"नाही."

"इतकी वर्षं?"

"अजून येतेय," बाई म्हणाल्या.

मुंगी उठली. जाताना तिने नळ बंद केला.

सोमवारी वाचनाच्या तासाला कपाट बंदच होतं. फळ्यावर बाईंनी नाइलाजाने आठ भागाकार लिहिले होते. तिसरा भागाकार चालू असताना मुंगी जागेवरून उठली, दप्तरातून फर्मा काढला आणि भिंतीपाशी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिच्या डावीउजवीकडे मोकळी भिंत होती. फर्म्याला वहीचं कव्हर घातलेलं होतं, नीट, कोपरे दुमडून.

आधी वकील उठला आणि तिच्या उजव्या हाताला उभा राहिला. मग आठव्यातले तिघं. मग लांडगेवाला. बघता बघता सगळी रांग लागली. या वेळी सगळ्यांचे हात रिकामे होते आणि तिच्या एकटीच्या हातात पानं होती.

"वाचू?" मुंगीने विचारलं.

"वाच."

ती हळू वाचायची. ओळीखाली बोट ठेवून. पुलाच्या फळ्या कुजलेल्या होत्या. घोडीचा मागचा पाय खाली गेला आणि अडकला. पोस्टमनने आधी टपालाची पिशवी सोडवून पलीकडे नेली. मग तो परत आला. रात्रभर तो पुलावर तिच्या मानेखाली हात घालून बसला होता. पहाटे तिची मान जड झाली. मग त्याने खोगीर सोडलं, ते खांद्यावर घेतलं, आणि उठायला त्याला बराच वेळ लागला. त्या ओळीवर मुंगीचं बोट थांबलं. बाकी कुणी ती ओळ पुरी करायला पुढे आलं नाही. तिनेच ती पुरी केली.

लांडगेवाला भिंतीकडे तोंड करून उभा होता. वकील म्हणाला, "म्हणून तो दहाव्यात कुणाशी बोलत नाही." त्याने नाक पुसलं. "आम्हाला वाटलं, तो रागीट आहे."

"माझ्याकडे राहिला असता तर ती मेली नसती," मुंगी म्हणाली. "पण मग त्याला काय झालंय ते तुम्हाला कळलं नसतं."

बाईंनी सकाळीच शिकंजा टेम्पोने शाळेत आणून मागच्या बाकाशी ठेवला होता. दोरा, दाभण, खळीची वाटी तयार होती. सगळी मुलं भोवती जमली. एक ते बारा फर्मे एकावर एक आले. बाईंनी नवव्याच्या पट्ट्या सोलून काढल्या, त्याचेही आकडे उघडे पडले. शाळा सुटायला पाऊण तास होता. तेवढ्यात शिवून झालं असतं. सुईत दोरा ओवून त्यांनी वर बघितलं, तर मुंगीचा तळहात फर्म्यांच्या गठ्ठ्यावर होता. ती कुणाला अडवत नव्हती. तिचा हात नुसता तिथे होता.

बाईंनी सुई रुमालाला टोचून ठेवली.

"उद्या शिवू," त्या म्हणाल्या. "आज राहू दे."

दारात मोठे सर उभे होते. घड्याळाकडे बघूनच आले असावेत. मुलं बाजूला झाली. सर गठ्ठ्याजवळ आले, त्यांनी बोट ओलं केलं आणि सावकाश मोजलं. बारा. एकशे अठ्ठावीसनंतर एकशे एकोणतीस.

"पूर्ण आहे," ते म्हणाले. "मग शिवत का नाही? आज म्हणालो होतो मी."

"मुलांना आजच कळलंय, सर."

"काय कळलंय?"

मुलांनी मुंगीकडे पाहिलं. मग मुंगी, जी मोठ्या सरांशी कधी आपणहून बोलली नव्हती, म्हणाली, "सर, तुम्ही आठवा वाचून या. मग सांगते."

सरांनी मुंगीकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे. खिशात हात घालून त्यांनी किल्ली काढली आणि शिकंज्याच्या फळीवर ठेवली.

"उद्या चारपर्यंत," ते म्हणाले आणि गेले.